सॅमसचा चार्ज शॉट: भरायचा कसा, राखायचा कसा आणि सोडायचा केव्हा

‘सुपर स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट’ या निन्टेन्डो स्विचवरील खेळात सॅमस हे पात्र निवडणाऱ्या नवख्या खेळाडूचे सामने पाहिले, तर एकच चित्र पुन्हा पुन्हा दिसते. तो मैदानाच्या टोकाला पळतो, चार्ज शॉट, म्हणजे तोफेत साठवून सोडायचा ऊर्जेचा गोळा, पूर्ण भरतो, आणि हातावरची तोफ लुकलुकू लागताच त्याच क्षणी गोळा सोडून मोकळा होतो. समोरच्याने तोवर शील्ड, म्हणजे अंगाभोवतीची ढाल, धरलेली असते किंवा उडी मारलेली असते. गोळा वाया जातो आणि हा पुन्हा टोकाकडे धावतो. सामना संपल्यावर तक्रार ठरलेली असते, की हा गोळा लागतच नाही.

गोळा लागत नाही, कारण तो कधी सुटणार हे समोरच्याला आधीच कळलेले असते. चार्ज शॉटमध्ये भरणे, राखणे आणि सोडणे ही तीन वेगळी कामे आहेत आणि त्यांच्यामध्ये मुद्दाम अंतर ठेवावे लागते, हे एकदा नीट समजले की बाकीचा बहुतेक भाग सरावाचा उरतो. पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत. पहिले दोन टप्पे कंटाळवाणे वाटतील, पण सहाव्या टप्प्यावर अडणारे बहुतेक जण प्रत्यक्षात पहिल्याच टप्प्यावर चुकलेले असतात.

आधी एवढे समजून घ्या: एका बटणाचे तीन अर्थ

चार्ज शॉट म्हणजे सॅमसचा न्यूट्रल स्पेशल, म्हणजेच स्टिक मधोमध असताना दाबलेले ‘बी’ बटण. या एकाच बटणाचा अर्थ तोफेत त्या क्षणी किती भरले आहे यावर बदलतो.

तोफ रिकामी असेल तर पहिल्या दाबाने भरणे सुरू होते आणि दुसऱ्या दाबाने जेवढे भरले असेल तेवढाच गोळा सुटतो. अर्धवट भरून थांबवलेली असेल तरीही पहिल्या दाबाने उरलेले भरणे पुढे चालू होते, गोळा सुटत नाही. तो दुसऱ्या दाबाने सुटतो. तोफ पूर्ण भरलेली असेल तर मात्र पहिल्याच दाबाला गोळा बाहेर पडतो. बटण धरून ठेवण्याची गरज कधीच नसते. एकदा टिचकी मारली की भरणे आपोआप चालू राहते आणि पूर्ण झाल्यावर आपोआप थांबते.

आकड्यांचा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. या खेळात मार बसेल तसा नुकसानाचा टक्क्यांतला आकडा वाढतो, आणि तो जितका मोठा तितके पात्र फटक्याने लांब उडते. न भरलेल्या गोळ्याचे मूळ नुकसान ५ टक्के आणि पूर्ण भरलेल्याचे २८ टक्के असते. दोघांच्या, वस्तू बंद ठेवलेल्या सामन्यात सगळ्याच नुकसानाला १.२ चा गुणक लागतो, म्हणून तिथे हेच आकडे ६ आणि ३३.६ होतात. सगळे भरायला सुमारे दोन सेकंद लागतात. ऐकायला हा वेळ किरकोळ वाटतो, पण वेगवान प्रतिस्पर्धी तेवढ्यात अख्खे मैदान पार करून तुमच्या अंगावर येतो.

टप्पा १: कंट्रोलर आणि सेटिंग

१. स्टिक हात न लावता मधोमध राहते की नाही, हे आधी पाहावे. जुन्या कंट्रोलरची स्टिक किंचित एका बाजूला सरकत असेल, तर चार्ज शॉटऐवजी बाजूचा स्पेशल, म्हणजे मिसाइल, निघते. स्विचच्या सिस्टिम सेटिंगमध्ये कंट्रोलरच्या विभागात स्टिक जुळवून घेण्याची सोय आहे. ती आधी वापरावी.

२. खेळातील कंट्रोलच्या सेटिंगमध्ये स्वतःच्या नावाची नोंद तयार करून त्यात टॅप जंप बंद करावा. टॅप जंप चालू असताना स्टिक वर गेली की सॅमस उडी मारते, आणि त्याच वेळी ‘बी’ दाबले गेले तर स्क्रू अटॅक, म्हणजे तिचा वरचा स्पेशल, निघून ती हवेत असहाय अवस्थेत तरंगत खाली येते. सॅमस मुळातच सावकाश खाली येणारी असल्यामुळे ही चूक फार महागात पडते.

३. शील्डचे बटण बोटाखाली सहज येते की नाही ते तपासावे. प्रो कंट्रोलरवर मूळ मांडणीत शील्ड ‘झेडएल’ आणि ‘झेडआर’ वर असते, तर ग्रॅब, म्हणजे समोरच्याला पकडणे, ‘एल’ आणि ‘आर’ वर. चार्ज थांबवण्याचे मुख्य काम शील्डच करणार आहे. ते बटण शोधावे लागत असेल तर पुढचे सगळे लटके पडते.

४. टीव्हीवर खेळत असाल तर टीव्हीचा गेम मोड चालू करावा. ऑनलाइन खेळत असाल तर वायफायऐवजी केबल वापरावी; ओएलईडी स्विचच्या डॉकला त्यासाठी जागा दिलेली आहे, जुन्या डॉकला वेगळा अडॅप्टर लागतो.

पडताळणी: ट्रेनिंग मोडमध्ये उभे राहून वीस वेळा भरणे सुरू करा आणि प्रत्येक वेळी शील्डने थांबवा. वीसपैकी एकदाही मिसाइल निघाली तर पुढे जाऊ नका. चूक बहुधा अंगठ्याची असते. चालत असताना स्टिक पूर्ण सोडण्याआधीच ‘बी’ दाबले जाते. आधी स्टिक सोडायची आणि मग बटण दाबायचे, हा क्रम सुरुवातीला मनातल्या मनात म्हणत करावा लागला तरी चालेल.

टप्पा २: भरण्यासाठी जागा मिळवणे

जागा मिळवणे म्हणजे दूर पळणे असा समज आहे, आणि तो अर्धाच खरा आहे. अंतर लागते हे बरोबर, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रतिस्पर्ध्याचे हात त्या घटकेला कशात तरी गुंतलेले असावे लागतात. तो मोकळा असेल तर अर्ध्या मैदानाचे अंतरही अपुरे पडते.

भरणे सुरू करण्याच्या सुरक्षित वेळा मोजक्याच आहेत. तुमच्या फटक्याने प्रतिस्पर्धी दूर उडालेला असतो तेव्हा, तो मैदानाबाहेरून परत येत असतो तेव्हा, त्याचा जीव जाऊन तो वरून नव्याने उतरण्याच्या बेतात असतो तेव्हा, आणि तुम्ही सोडलेली संथ मिसाइल त्याच्या दिशेने जात असते तेव्हा. शेवटची वेळ तुम्ही स्वतः निर्माण करू शकता, म्हणून तिचा सराव सर्वांत जास्त करावा. स्टिक हळूच बाजूला कलवून ‘बी’ दाबले की प्रतिस्पर्ध्याचा माग काढणारी मिसाइल निघते, झटका देऊन दाबले की सरळ जाणारी सुपर मिसाइल. जागा मिळवण्यासाठी पहिली जास्त उपयोगी आहे, कारण तिच्याकडे त्याला थोडा वेळ लक्ष द्यावेच लागते.

सावधान: नव्याने उतरलेला प्रतिस्पर्धी थोडा वेळ अभेद्य असतो आणि त्याला ते ठाऊक असते. तो वर असताना भरावे, पण त्याचे पाय जमिनीला लागण्याआधी थांबावे. ‘अजून थोडेसेच उरले आहे’ या मोहात सॅमसचे जितके जीव गेले आहेत, तितके क्वचितच दुसऱ्या कशात गेले असतील. मी स्वतः त्या यादीत बराच वर आहे.

टप्पा ३: हप्त्याहप्त्याने भरणे

दोन सेकंदांचे काम एका बैठकीत पूर्ण करण्याचा हट्ट सोडावा. अर्ध्या-अर्ध्या सेकंदाचे तीन-चार हप्ते करावेत आणि प्रत्येक हप्त्यानंतर थांबून समोर पाहावे. भरलेला भाग तोफेत राहतो, त्यामुळे थांबण्याने काहीही तोटा होत नाही. तोटा होतो तो न थांबण्याने. भरत असताना मार बसला तर जमवलेले सगळे हातचे गेले, असे धरूनच खेळावे.

थांबवण्याचे नेहमीचे मार्ग तीन आहेत: शील्ड, रोल म्हणजे बाजूला लोळण, आणि स्पॉट डॉज म्हणजे जागच्या जागी चुकवणे. यांपैकी शील्डला नेहमी पहिली पसंती द्यावी. रोल आणि स्पॉट डॉज एकामागून एक वापरले की या खेळात त्यांची धार कमी होत जाते. त्यांतली सुरक्षित वेळ आखडते आणि नंतरचा अडकलेला वेळ वाढतो. प्रत्येक हप्ता मागे रोल करून संपवणारा खेळाडू दोन-तीन हप्त्यांत समोरच्याला आपली सवय शिकवून ठेवतो, आणि पुढचा रोल संपतो तिथे प्रतिस्पर्धी आधीच येऊन उभा असतो.

१. भरणे सुरू करा.
२. डोळे स्वतःच्या तोफेवर न ठेवता प्रतिस्पर्ध्यावर ठेवा. तोफ भरल्याचे डोळ्याच्या कोपऱ्यातूनही कळते.
३. त्याने तुमच्याकडे धाव घेतली, उडी मारली किंवा काही फेकले, की त्याच क्षणी शील्ड.
४. शील्ड सोडून लगेच पुन्हा भरू नका. एक पाऊल चाला, एक उडी मारा किंवा मिसाइल सोडा, आणि मगच पुढचा हप्ता घ्या.

चौथी पायरी बहुतेक जण गाळतात. शील्ड, भरणे, शील्ड, भरणे असा ठेका एकदा धरला गेला की समोरच्याला काही ओळखावेच लागत नाही. तो ठेक्याच्या मधल्या जागेत येऊन ग्रॅब करतो, आणि शील्डचा ग्रॅबपुढे काहीच इलाज चालत नाही.

अल्टिमेटमध्ये सॅमसला हवेतही चार्ज भरता येतो. उंच उडीच्या वरच्या टोकाला एखादा छोटा हप्ता उरकणे सोयीचे असते. पण हवेत शील्डच्या बटणाचा अर्थ एअर डॉज, म्हणजे हवेतल्या हवेत चुकवणे, असा असतो आणि एकदा हवेत गेल्यावर तो एकदाच वापरता येतो, हे विसरू नये. खाली प्रतिस्पर्धी वाट पाहत उभा असेल तर हवेत भरणे म्हणजे त्याच्या हाती निमंत्रणपत्रिका देणे.

पडताळणी: ट्रेनिंग मोडमध्ये तोफ बरोबर चार हप्त्यांत पूर्ण भरा, आणि शेवटच्या हप्त्यानंतर गोळा न सोडता दहा सेकंद मैदानात नुसते फिरून दाखवा. हे हास्यास्पद वाटेल. पण तोफ भरल्यावर ‘बी’ कडे न जाणारा अंगठा हीच पुढच्या टप्प्याची खरी पात्रता आहे.

टप्पा ४: भरलेला गोळा राखणे

हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे आणि बहुतेक मार्गदर्शनांत तो एका ओळीत उरकलेला असतो.

पूर्ण भरलेली तोफ समोरच्याला दिसते. ती लुकलुकत असते, आणि त्या प्रकाशाचा त्याच्या हालचालींवर लगेच परिणाम होतो. तो लांबून उडी मारायला बिचकतो, लांब पल्ल्याचा फटका चुकवण्याची जोखीम घेत नाही, आणि तुम्ही नुसते उभे राहिलात तरी शील्डवर बोट ठेवून असतो. म्हणजे गोळा न सोडता तुम्ही त्याच्या खेळाचे अर्धे दरवाजे बंद केलेले असतात. गोळा सुटला की हे सगळे दरवाजे एकदम उघडतात, आणि पुढचे दोन सेकंद भरण्याची उधारी तुमच्या डोक्यावर येते.

म्हणून गोळा भरल्यावर पहिला प्रश्न ‘आता कधी सोडू?’ हा नसावा. ‘याच्या धाकाने काय काय मिळते?’ हा असावा. सामान्यतः तीन गोष्टी मिळतात.

पहिली म्हणजे चालत जाऊन ग्रॅब. प्रतिस्पर्धी शील्ड धरून बसला असेल तर सरळ त्याच्याजवळ जावे आणि पकडावे. दोन-तीनदा पकडला गेला की तो शील्ड धरायला कचरतो, आणि तीच गोळ्याची वेळ असते. दुसरी म्हणजे हवेत ग्रॅबचे बटण दाबून सोडलेला ग्रॅपल बीम. तो लांबून टोचतो, फारसे अडकवत नाही, आणि समोरच्याला हलायला भाग पाडतो. तिसरी म्हणजे मिसाइलच्या मागून चालत जाणे. मिसाइलवर तो शील्ड धरतो की उडी मारतो हे पाहून ठेवावे, कारण तुमच्या गोळ्यावरही तो बहुधा तेच करणार असतो.

साठवलेला गोळा नुसता मार खाल्ल्याने जात नाही; जीव गेला की जातो. यातून एक व्यवहारी नियम निघतो. तुमचे नुकसान शंभरीच्या पुढे गेले असेल, तुम्ही कडेजवळ असाल आणि एखादा जोरदार फटका तुमचा जीव घेईल अशी स्थिती असेल, तर गोळा राखण्याचे मोल झपाट्याने कमी होते. अशा वेळी थोडी कच्ची संधी मिळाली तरी सोडावा. एरवी पक्की संधी येईपर्यंत हातचा राखावा.

सावधान: या खेळात बटणे थोडी आधी दाबली तरी ती लक्षात ठेवली जातात. हा अवधी ९ फ्रेमचा, म्हणजे सुमारे ०.१५ सेकंदाचा असतो. मार खाताना घाबरून ‘बी’ दाबत सुटलात, तर सुटका होताच राखलेला गोळा आपोआप सुटून भलतीकडे जाईल. गोळा तोफेत असताना संकटात दाबायची बटणे फक्त शील्ड आणि उडीची.

टप्पा ५: समोर कोण आहे ते आधी पाहणे

हे काम खरे तर पात्रनिवडीच्या पडद्यावरच व्हायला हवे. काही पात्रांविरुद्ध पूर्ण भरलेला गोळा हे तुमचे हत्यार कमी आणि त्यांचे जास्त असते.

गोळा परतवणारे पुष्कळ आहेत. फॉक्स, फाल्को आणि वुल्फ यांचे रिफ्लेक्टर, मारिओचा केप, झेल्डाचे नायरूज लव्ह, मेवटूचे कन्फ्यूजन, पिट आणि डार्क पिट यांच्या ढाली, आणि पालुटेनाचा परावर्तक ही नेहमी भेटणारी उदाहरणे आहेत. परतलेला गोळा बहुधा वाढीव नुकसान घेऊन येतो. नेस आणि लुकस यांचे पीएसआय मॅग्नेट गोळा गिळून उलट स्वतःचे नुकसान भरून काढते. मिस्टर गेम अँड वॉच तो बादलीत साठवतो आणि बादली तीनदा भरली की एकत्र परत फेकतो. व्हिलेजर आणि इझाबेल तर तो चक्क खिशात टाकतात, आणि त्यांच्या मर्जीने बाहेर काढतात.

अशा पात्रांपुढे गोळा भरूच नये, असा सल्ला दिला जातो. तो मला पटत नाही. भरावा, पण सोडण्याची अट कडक करावी. समोरचा मोकळा उभा असताना कधीही नाही. तो एखाद्या फटक्यात किंवा उतरण्याच्या अडकलेल्या वेळेत गुंतला असेल तेव्हाच. रिफ्लेक्टरलाही सुरू व्हायला आणि संपायला वेळ लागतो. गोळा सोडण्याचा आव आणून थांबलात आणि त्याने रिफ्लेक्टर वापरला, तर चालत जाऊन त्याला पकडणे हे मिळालेल्या पैशाचे व्याज समजावे.

समोरच्याकडेही दूरवर फेकायची शस्त्रे असतील तर गोष्ट वेगळी होते. दोन फेकी हत्यारे एकमेकांवर आदळली आणि त्यांच्या नुकसानातला फरक ९ टक्क्यांपेक्षा जास्त असला, तर मोठे हत्यार लहानाला पुसून पुढे जाते. पूर्ण भरलेला गोळा त्यामुळे बहुतेक लहानसहान माऱ्यातून आरपार निघतो. लांबून सतत बारीक मारा करणाऱ्या खेळाडूचे हात फेकण्यात गुंतलेले असताना गोळा सोडणे हा हिशोबाने फायद्याचा सौदा आहे.

टप्पा ६: सोडण्याची वेळ

नियम एका वाक्यात सांगता येतो: प्रतिस्पर्ध्याने आधीच निवड केलेली असावी आणि ती बदलायला त्याला वेळ नसावा. प्रत्यक्ष सामन्यात अशा वेळा पुढीलप्रमाणे येतात.

१. दिशा देऊन केलेला एअर डॉज जमिनीवर संपतो तेव्हा. त्यानंतर उतरणारा बराच वेळ अडकतो. तो कुठे उतरणार हे वरूनच दिसते, त्यामुळे गोळा तो टेकण्याच्या किंचित आधी सोडावा. गोळ्याला अंतर कापायला वेळ लागतो.

२. मोठा स्मॅश फटका हुकल्यावर. यासाठी तुम्ही फटक्याच्या पल्ल्याबाहेर उभे असायला हवे, आणि हे उभे राहणे सगळ्यांत अवघड आहे. एक पाऊल पुढे टाकून लगेच मागे येण्याची सवय लावावी.

३. मैदानाबाहेर दुसरी उडी संपल्यावर. परतीचा मार्ग ठरलेला असतो आणि हवेत शील्ड नसते. एअर डॉज शिल्लक आहे का, एवढेच पाहावे. तो त्याने आधी वापरला असेल तर मग विचार करत बसू नये.

४. कडेवर लटकलेला असताना. कडा पकडल्यावर सुरुवातीला तो अभेद्य असतो, त्यामुळे पकडताक्षणी सोडलेला गोळा डोक्यावरून किंवा अंगातून निघून जातो. मैदानाच्या मध्याकडे थोडे सरकून थांबावे आणि तो काय करतो ते पाहावे. तो कडेवरून उडी मारणारा असेल तर तुम्हीही छोटी उडी घेऊन सोडावा. आत रोल करत असेल तर सोडूच नका. तो तुमच्या पाठीमागे निघेल, तिथे वळून ग्रॅब बरा.

५. दुसरा फटका लागल्याच्या मागोमाग. सॅमसच्या बॉम्बच्या स्फोटाने प्रतिस्पर्धी थोडासा उचलला जातो, ग्रॅपल बीमने तो क्षणभर खिळतो. दोन्हींच्या मागून योग्य नुकसानाला आणि योग्य अंतराला गोळा जोडता येतो. नेमके किती टक्क्यांना जोड पक्की बसते हे पात्राच्या वजनावर अवलंबून असल्यामुळे ते ट्रेनिंग मोडच्या कॉम्बो मोजणीवर स्वतः पाहावे. मोजणी न तुटता पुढे गेली तर जोड खरी. तुटली तर समोरच्याला मध्ये सुटायला जागा होती.

गोळा सरळ रेषेत जातो. जमिनीवरून सोडलेला गोळा फलाटावर उभ्या असलेल्याच्या पायाखालून निघून जातो, ही गोष्ट सांगण्याची गरज नसावी, पण आहे. बॅटलफील्डसारख्या तीन फलाटांच्या मैदानावर आधी उंची जुळवा, मग वेळ जुळवा.

शील्डवर गोळा मारून ती फोडण्याचा नाद सोडावा. भरलेल्या शील्डची ताकद ५० असते आणि पूर्ण गोळाही एकट्याने तेवढे काम करत नाही. शील्ड आधीच झिजून लहान झाली असेल तर मात्र गोळा फायद्याचा ठरतो, कारण उघडे पडलेले डोके किंवा पाय त्याला सापडू शकतात. उलट बाजूने हेही ध्यानात असू द्यावे, की शील्ड सोडल्यानंतरच्या पहिल्या ५ फ्रेममध्ये गोळा आदळला तर तो परफेक्ट शील्ड होतो आणि सरावलेला प्रतिस्पर्धी लगेच मोकळा होतो. प्रत्येक वेळी तोफ भरल्यावर ठराविक अंतराने सोडणाऱ्याविरुद्ध हे जमवणे मुळीच अवघड नसते.

पडताळणी: एक सामना रेकॉर्ड करून ठेवा आणि नंतर पाहताना प्रत्येक पूर्ण गोळ्याच्या क्षणी थांबवा. त्या क्षणी समोरचा काय करत होता, ते कागदावर लिहा. ‘काहीच नाही, नुसता उभा होता’ असे उत्तर निम्म्याहून जास्त वेळा आले, तर चौथ्या टप्प्याकडे परत जा.

टप्पा ७: पाठीमागे आणि उलट दिशेने

हा टप्पा वरचे सगळे अंगवळणी पडल्यावरच घ्यावा.

जमिनीवर पाठीमागे सोडायचा असेल तर स्टिकला मागे हलकी टिचकी, स्टिक मधोमध, आणि मग ‘बी’. मधली पायरी वगळली तर मिसाइल निघते. ही तीच पहिल्या टप्प्यातील चूक आहे, फक्त दिशा बदलली आहे.

हवेत ‘बी’ दाबून लगेच स्टिक उलट दिशेला झटकली, तर सॅमस तोंडही फिरवते आणि हवेतल्या वाटचालीची दिशाही फिरवते. याला बी रिव्हर्स म्हणतात. पाठलाग करत येणाऱ्या प्रतिस्पर्ध्यापासून पळताना अचानक मागे वळून गोळा सोडण्यासाठी, किंवा नुसती दिशा बदलण्यासाठी अर्धवट तोफ असताना भरणे सुरू करून फसवण्यासाठी, ते अतिशय उपयोगी आहे. क्रम महत्त्वाचा: आधी बटण, मग स्टिक. स्टिक आधी गेली की पुन्हा मिसाइल. ट्रेनिंग मोडमध्ये वेग कमी करून दहा वेळा, मग पूर्ण वेगात दहा वेळा, आणि दोन्ही बाजूंना तोंड करून. उजवीकडे जमणारी गोष्ट डावीकडे न जमण्याचा अनुभव जवळजवळ सगळ्यांना येतो.

दुसऱ्या पात्रांकडे जाताना

डार्क सॅमससाठी वरचे सगळे जवळपास जसेच्या तसे लागू पडते. मेवटूचा शॅडो बॉल, ल्युकारिओचा ऑरा स्फियर आणि ‘मी गनर’ (Mii Gunner) या पात्राचा चार्ज ब्लास्ट यांनाही भरणे, राखणे, सोडणे हाच हिशोब आहे; फक्त ल्युकारिओचे बळ त्याला झालेल्या नुकसानाबरोबर वाढते, म्हणून त्याच्याकडे शंभरीनंतर राखण्याचे गणित उलटे होते. वी फिट ट्रेनरचे सन सॅल्युटेशन पूर्ण भरले की थोडे नुकसानही भरून निघते. त्यामुळे तिथे भरण्यालाच वेगळे मोल आहे.

गोळा सुटल्यानंतरचा एक सेकंद

गोळा सोडताना सॅमसला मागे धक्का बसतो आणि ती काही क्षण अडकते. गोळा लागला असो वा नसो, त्यानंतर अंगठा आपोआप ‘बी’ कडे जातो आणि तोफ लगेच भरू लागते. गोळा लागून प्रतिस्पर्धी दूर उडाला असेल तर हे ठीक आहे. तो परत येईपर्यंत एखादा हप्ता आरामात होतो. गोळा चुकला असेल तर मात्र तो याच क्षणाची वाट पाहत तुमच्याकडे धावलेला असतो. तेव्हा पहिले बटण शील्डचे, दुसरी हालचाल त्याच्यापासून दूर जाणाऱ्या छोट्या उडीची, तिसरी मिसाइलची. आणि ती मिसाइल त्याच्याकडे निघाल्यावर पुन्हा दुसऱ्या टप्प्यापासून सुरुवात.